यानाबद्दलचे निरोप

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ओळीओळीला असतील. कुणी वाचलंच तर माफ करावं. चौथी झाली आणि मी मेंढरांमागं गेले, त्यानंतर पेन धरला तो सहीपुरता. ही वही लेकीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. तोंडानं बोलायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

लेक पुण्याला शिकायला निघणार होती त्या आठवड्यात, एकदा मेंढरं कोंडून झाल्यावर ती आम्हा दोघांना यानाचं सांगत बसली. लांबच्या ग्रहापर्यंत पुरेल एवढं इंधन यानात मावत नाही. म्हणून ते वाटेतल्या एखाद्या मोठ्या ग्रहाच्या जवळून नेतात. ग्रह त्याला ओढतो. ग्रह स्वतः सूर्याभोवती पळत असतो, त्या पळण्यातला थोडा वेग यानाला मिळतो आणि ते पुढं फेकलं जातं.

"चालत्या बैलगाडीला पोरं लटकत्यात तसं," हे म्हणाले.

"तसंच, आबा. पर धरून बसायचं न्हाई. जवळून जायचं आन् निघायचं."

"मग गाडीचं काय जातं?"

लेक म्हणाली, "ग्रहाचा वेग कमी हुतो. पर इतका थोडा, की कुनाला कळत बी न्हाई."

"जातं म्हन की," हे म्हणाले.

मला वाटलं आपणही काही विचारावं. "आन् ते मुक्कामाला कुटं थांबतंय?"

"माय, ते काय यष्टी हाय का?" म्हणून लेक पोट धरून हसली. वाईट मनानं हसली नव्हती. पण त्यानंतर यानाच्या गोष्टीत मी तोंड उघडलं नाही.

आमच्यात बाप मोठ्या झालेल्या लेकीशी सरळ बोलत नाही. ती हातभर अंतरावर असली तरी आईला म्हणतो, तिला सांग. परभणीच्या स्टँडवरही तसंच झालं. मी आणि माझी जाऊ लेकीच्या गळ्यात पडून, बोलून बोलून रडलो. ह्यांनी तिच्या पिशवीची गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली, "पोचली की फोन कर म्हनावं," असं मला म्हणाले आणि तंबाखू मळत खांबाआड गेले. जाऊ म्हणाली, "बाप हाय का दगूड?" मलाही तसंच वाटलं. आमच्याकडं जो रडतो त्याचीच माया दिसते.

महिन्यानं फी भरायची होती. ह्यांनी निम्मी मेंढरं विकली. मला म्हणाले, "उसनं हाय म्हनून सांग. नोकरी लागली की फेडायचं. फुकट दिलं म्हनलं तर भावकी तिला उठताबसता ऐकवंल. उसनं घेतल्यालं मानूस ताठ मानंनं ऱ्हातं."

मी फोनवर एवढंच सांगितलं, "आबा म्हनत्यात, पैसे उसने हायेत. फेडावं लागंल." पुढचं सांगितलं नाही. स्टँडवरचा राग माझ्या मनात होता.

"बरं," लेक म्हणाली. रडली नाही. ती बापावर गेली आहे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मग हे मोबाइलवर यानाच्या बातम्या ऐकायला लागले. मेंढरांमागं चालताना फोन कानाशी धरायचे. आठवड्यातून एकदा तरी म्हणायचे, "तिला इचार, ते यान कोनत्या ग्रहाजवळून गेलं? किती ओढलं त्यानं?" ते शब्द माझ्या जिभेवर बसत नव्हते, आणि पुन्हा हसली तर, अशी भीती होती. फोन लागला की मी जेवलीस का विचारायचे, रडायचे आणि ठेवून द्यायचे. ह्यांना सांगायचे, "कामात हाय. मागून सांगते म्हनली."

असं कितीतरी वेळा खोटं बोलले. मग त्यांनी विचारणं सोडलं.

लेकीला नोकरी लागली. दिवाळीला आली ती दोन दिवसांपुरती. चुलीपाशी मला म्हणाली, "माय, मी काय शिकले हे आबांनी कवा एका शब्दानं इचारलं का? त्यांना पैशाची काळजी." सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी चहात साखर टाकायला वळले. ती गेल्यावर मात्र रडले, नेहमीसारखी, चार घरांना ऐकू जाईल अशी. हे बाहेर लोकर कातरत होते. त्यांनी कात्री थांबवली नाही.

त्यानंतर ती दर महिन्याला ह्यांच्या खात्यावर पैसे टाकत राहिली. परवा सकाळी तिचा फोन आला, "माय, शेवटचे टाकलेत. आबांना सांग."

ह्या वेळी मी फोन ह्यांच्या हातात दिला. म्हटलं, "तुमीच बोला."

त्यांनी तो कानाशी धरला. मग म्हणाले, "पोचले पैसे."

"समदे फिटले ना, आबा?"

"फिटले," हे म्हणाले, आणि फोन मला परत दिला.