रफू केलेला चेहरा

माझी मावशी रफूवाली. तिने रफू केलेल्या कोटाचं भोक कुठे होतं, हे गिऱ्हाइकाला स्वतःलाही सापडायचं नाही. काही महाभाग तर "इथे काही केलंयच कुठे?" म्हणून हुज्जत घालायचे. तिची रीत साधी होती. बाहेरचा दोरा वापरायचा नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागा ओढायचा आणि त्यानेच भोक बुजवायचं.

डोळे अधू झाले तेव्हा दुकान सुटलं. नजरेच्या मधोमध डाग आला होता आणि तो वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मावशी रडली नाही. मला म्हणाली, "पुरती आंधळी व्हायच्या आत ताईचा फोटो नीट करायचाय. शिकव मला."

ताई म्हणजे तिची एकुलती एक मुलगी. कॉलेजात असताना तापाने गेली. तिचा एकच बरा फोटो होता, आणि घडी पडून त्यात गालावरून पांढरी रेघ गेली होती. घरातला नळ फुटला तेव्हा तो कागदही भिजून गेला. उरली ती मावशीच्या कॉम्प्युटरवर मी आधी घेऊन ठेवलेली प्रत.

"स्टुडिओत दे, हा हा म्हणता करून देतील," मी म्हटलं.

"परक्याच्या हातात तिचं तोंड देऊ?" ती उखडली. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

मग रविवारच्या शिकवण्या सुरू झाल्या. मी मुळात तापट, आणि मावशी माऊस इस्त्रीसारखा दाबून धरायची. पण विकत काहीच घ्यावं लागलं नाही, लागणारं सगळं कॉम्प्युटरमध्येच होतं. खिडकीच्या चिन्हाची कळ धरून अधिकची कळ दाबली की भिंगाखाली धरल्यासारखा पडदा मोठा होतो. चित्रं काढायच्या पेंट नावाच्या प्रोग्रॅममध्ये ड्रॉपरचं चित्र निवडून गालावर टिचकी मारली की गालाचाच रंग ब्रशला मिळतो. हे ऐकून ती केवढी खुलली!

"म्हणजे धागा तिच्याच अंगाचा!"

चुकलं तर कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबायच्या, शेवटचं केलेलं पुसलं जातं.

"उसवणं इतकं सोपं? मग आमची पोटं कशी भरली असती गं?"

आणि सेव्ह करताना दुसरं नाव द्यायचं, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो. हे मी कानीकपाळी ओरडून सांगितलं.

पुढे ती एकटीच बसायची, नाक पडद्याला टेकवून. एका रविवारी दार उघडताच म्हणाली, "झाला."

रेघ खरंच नाहीशी झाली होती. गाल गुळगुळीत, कुठे सांधा दिसेना. पण ताई ओळखीची वाटेना. का, ते मला कळत नव्हतं.

"जुना फोटो कुठेय?" मी विचारलं.

"जुना कसला? त्यावरच केलं. रफू झाल्यावर फाटका कोट वेगळा ठेवतात होय?"

मला रागही येईना. मी कंट्रोल आणि झेड दाबलं. पण फाइल बंद करून पुन्हा उघडलेली, मागचं काही शिल्लक नव्हतं. रिसायकल बिनमध्ये पाहिलं. तिथे पुसून टाकलेल्या फाइली जातात, वरून बदललेल्या नाहीत.

"काय खुडबुड चाललीय? नीट झालाय ना?" मावशीने खुर्ची पुढे ओढली. "हनुवटीवरचा व्रण सांभाळला हो मी. लहानपणी माझ्या शिवणयंत्रावर आपटली होती. तेवढ्या जागेला हात लावला नाही."

मी हनुवटीकडे पाहिलं. तिथे व्रण नव्हता. ओठाच्या कोपऱ्यातला तीळही नव्हता. मोठ्या केलेल्या पडद्यावर, त्या अधू डोळ्यांना, जे जे वेगळं दिसलं ते तिने भोक समजून बुजवलं होतं.

हिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"आहे ना गं?"

"आहे."

"मला आता तेवढं दिसत नाही. कुठेय, दाखव."

मी तिचं बोट धरलं आणि त्या कोऱ्या हनुवटीवर टेकवलं.

"इथे," म्हटलं.

"हां," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ तिने बोट तिथून काढलं नाही.