दोन घंट्या

माझ्या घरमालकाच्या वडिलांना देवाने पृथ्वीवर धाडलं ते तिच्यावरची यच्चयावत वाहतूक वेळेवर सोडण्यासाठी, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ एकच होतं, आणि ते म्हणजे उशिरा सुटणं. लग्नं मोडतात, पिकं बुडतात, माणसं आजारी पडतात, ती कुणीतरी कुठूनतरी उशिरा सुटल्यामुळे. "सुटायचं तेवढं आपल्या हातात असतं," ते म्हणायचे, "वेळेवर सुटलं की पोचायची काळजी रस्त्याने करावी." विट्याच्या बसस्थानकावर आधी कंडक्टर आणि मग कंट्रोलर म्हणून त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. निवृत्त झाल्यावर मुलाकडे सहा महिने राहायला म्हणून ते हॅमिल्टनला आले. मी त्यांना काका म्हणायचो. मी त्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो आणि 'ते रापा' नावाच्या उपनगरातल्या दूध कारखान्यात, प्रयोगशाळेत, कामाला होतो. म्हणजे रोज सकाळी ठरावीक वेळी सुटणारी त्या घरातली पहिली गाडी मीच होतो.

त्यामुळे पहिला मारा माझ्यावर झाला. सकाळी मी बूट घालायला वाकलो, की स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज यायचा, "हॅमिल्टन ते रापा, विनाथांबा, गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे!" फलाट क्रमांक एक म्हणजे दारातलं पायपुसणं. किल्ली शोधताना दोन मिनिटं गेली, तर संध्याकाळी जेवताना माझ्याकडे लेखी खुलासा मागितला जाई. मुलगा म्हणायचा, "बाबा, तो भाडेकरू आहे, ड्रायव्हर नाही." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मग काय झालं? शिस्त काय फक्त पगारी माणसाला असते?" दुपारी कोपऱ्यावरच्या थांब्यावर जाऊन ते शहरबसवर लक्ष ठेवायचे. बस आली की ड्रायव्हरसमोर मनगट धरायचे आणि एवढंच म्हणायचे, "फोर मिनिट्स." पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर लोक हसले. दुसऱ्या आठवड्यात एक धिप्पाड माओरी ड्रायव्हर "किया ओरा, बॉस!" असा नमस्कार करून स्वतःच आपलं घड्याळ पुढे करू लागला. महिन्याभरात त्या मार्गावरची बस खरोखर वेळेवर येऊ लागली, असं ते शपथेवर सांगत. खरंखोटं देव जाणे, पण त्या थांब्यावर बस चुकण्याचं माझं प्रमाण मात्र वाढलं.

अशा या घरात एक अमेरिकन मुलगी राहायला आली. आमच्या गावात बायकांचा बास्केटबॉलचा संघ होता आणि मोसमापुरती परदेशातून एखादी पगारी खेळाडू आणायची पद्धत होती. तिला राहायला कुणाचं तरी घर लागे. घरमालकाची बायको इस्पितळात ज्या बाईबरोबर काम करायची, तीच त्या संघाची प्रशिक्षक. तिने विचारलं आणि ही हो म्हणाली. मुलगी दारातून आत आली ती मान वाकवून, आणि काकांनी मान वर केली ती पार छतापर्यंत. काका जेमतेम पाच फूट दोन इंच. पलंग तिला अपुरा पडला, तेव्हा त्यांनी पायथ्याशी आपली विट्याहून आणलेली ट्रंक लावून वर उशी ठेवली आणि समाधानाने म्हणाले, "आता डबा जोडला." तीही आमच्यासारखं त्यांना काका म्हणू लागली. या देशात काका नावाचा एक कलकलाटी पोपट आहे, त्यामुळे हे नाव लक्षात ठेवायला तिला काहीच त्रास झाला नाही.

चेंडू खेळायचा पगार मिळतो हे कळल्यावर काकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "पगार आहे म्हणजे ड्यूटी आहे." त्या क्षणापासून ती मुलगी त्यांच्या अखत्यारीत आली. पहिल्या सामन्याला ते माकडटोपी, स्वेटर आणि एक लांबट वही घेऊन हजर झाले. बास्केटबॉलचा एकही नियम त्यांना ठाऊक नव्हता. पण कोर्टावर सारखं कुणीतरी आत येतंय, कुणीतरी बाहेर जातंय, आणि त्याची कुठे घोषणा नाही, हे त्यांना बघवेना. त्यांनी वहीत रकाने आखले आणि प्रत्येक खेळाडूची आगमन-प्रस्थानाची वेळ मांडायला घेतली. "सात नंबर गेली. अकरा नंबर आली. चार नंबर अजून डेपोतच," असं ते मला मोठ्याने सांगत आणि पुढच्या रांगेतल्या गोऱ्या आज्या वळून वळून बघत. मध्यंतरात त्याच आज्यांना त्यांनी फ्लास्कमधला आल्याचा चहा पाजला. तिसऱ्या सामन्यापासून त्या आमच्यासाठी जागा धरू लागल्या.

खेळायला मुलगी झकास होती. पळायची, उड्या मारायची, कोपरं खायची. अडायचं ते एकाच ठिकाणी. समोरच्याने धसमुसळेपणा केला की रेषेवर उभं राहून, कुणी अडवायचं नाही अशा बोलीवर, टोपलीत चेंडू टाकायला मिळतो ना, त्या फ्री थ्रोला. तिथे तिचा हात लुळा पडायचा. काकांना हा प्रकार अजिबात पटला नाही. "रस्त्यात म्हैस नाही, घाट नाही, ट्रॅफिक नाही, आणि तरी गाडी चुकते म्हणजे काय?"

चौथा सामना संघ एवढ्याचमुळे हरला. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक बाई घरी आल्या, स्वयंपाकघरात बसल्या आणि चहा न पिताच बोलल्या. दोन आठवडे. तेवढ्यात हे सुधारलं नाही तर क्लब तिला परत पाठवणार आणि दुसरी खेळाडू आणणार. बाई गेल्यावर मुलगी ताटातल्या वरणभाताकडे बघत राहिली. काकांनी सुनेला विचारलं, "काय म्हणाल्या बाई?" सुनेने सांगितलं. काका ताटावरून उठले.

"म्हणजे फेरी रद्द?"

"तसंच काहीतरी, बाबा."

"अशी कशी रद्द? प्रवासी स्टँडवर येऊन बसलेत की!" आणि ते खोलीत जाऊन वही घेऊन आले.

त्या वहीत वेगळंच काही निघालं. आम्ही सगळे चेंडू टोपलीत गेला की नाही ते बघत होतो. हा माणूस चारही सामने चेंडू सुटण्यापूर्वीचं मोजत होता. फेकण्यापूर्वी मुलगी चेंडू जमिनीवर आपटायची, कधी दोनदा, कधी चारदा, कधी सहादा. प्रत्येक फेकीपुढे त्यांनी आपटण्यांची संख्या मांडली होती आणि जिथे दोनचा आकडा होता तिथे बहुतेक ठिकाणी बरोबरची खूण होती. काकांनी सात वर्षांच्या नातीला दुभाषी म्हणून पुढे उभं केलं आणि भाषण सुरू केलं. बसमध्ये एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. तिसरी घंटी नसते. ही पोरगी सहा-सहा घंट्या देते. ड्रायव्हरने थांबायचं का निघायचं? हात बिचारा गोंधळतो. दोन घंट्या दिल्या की विचार संपला, मागे कोण राहिलं ते बघायचं नाही, गाडी सोडायची. पाचेक मिनिटं हे चाललं. नातीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलीला म्हणाली, "ही सेज, बाउन्स इट ट्वाइस."

"दॅट्स इट?" मुलगी म्हणाली.

"ही सेड हीप्स," म्हणजे ढीगभर बोलले, "बट दॅट्स इट."

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या कोर्टावर सकाळची पाळी सुरू झाली. हॅमिल्टनचं हिवाळी धुकं ज्याने पाहिलंय त्यालाच यातला वेडेपणा कळेल. काका टोपलीखाली उभे, मुलगी रेषेवर, आणि दोघं एकमेकांना दिसत नाहीत. धुक्यातून थप्, थप् ऐकू यायचं. काका ओरडायचे, "चला!" आणि मग चेंडू कुठून येईल याची वाट बघायची. एकदा तो थेट माकडटोपीवर आला. काकांनी टोपी सरळ केली, वहीत नोंद केली आणि चेंडू परत लोटला. न्याहारीपूर्वी पन्नास फेका, त्यात सुट्टी नाही. एक दिवस जोराचा पाऊस होता म्हणून मी म्हटलं, "काका, आज राहू द्या." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने छत्री घेऊन त्यांच्यामागे गेलो. छत्री त्यांनी डोक्यावर नाही, वहीवर धरायला लावली. थंडीने त्यांची बोटं सुजली होती, खोकला लागला होता, सून रागावली होती. पण ते हटले नाहीत, आणि त्यांच्यामुळे ती पोरगीही हटली नाही. मला त्या दिवसांत त्या दोघांचा हेवा वाटायचा. इतकं नेटाने मी त्या परक्या गावात एकही काम केलं नव्हतं.

दोन आठवडे संपले तो सामना आमच्याच गावात होता. शेवटची काही सेकंदं उरली होती, आम्ही एका गुणाने मागे, आणि रेषेवर कोण तर हीच. दोन फेका. सभागृह चिडीचूप. तिने चेंडू आपटला, थप्. पुन्हा, थप्. आणि हात तिसऱ्यांदा खाली निघालेला मला स्पष्ट दिसला.

"चला!"

काका उभे राहिले होते. अख्खं सभागृह वळलं. मुलीचा हात जागच्या जागी उलटला आणि चेंडू सुटला. गेला. बरोबरी झाली. दुसऱ्या वेळी थप् थप् झालं आणि काकांच्या बरोबरीने नात ओरडली, मी ओरडलो, आणि पुढच्या रांगेतल्या गोऱ्या आज्यासुद्धा "चाला!" म्हणून ओरडल्या. मग जो गोंधळ उसळला त्यात मी काकांना मिठी मारली. ते मात्र टोपलीकडे बघतच नव्हते. त्यांची नजर घड्याळावर होती.

"काका, गेला! जिंकलो!"

"जाणारच," ते म्हणाले, "वेळेवर सुटला होता."

मुलगी राहिली. संघ काही अजिंक्य वगैरे झाला नाही. उपांत्य फेरीत हरला, आणि काकांनी वहीत "वाटेत बिघाड" असा शेरा मारला. पण ती शेवटच्या सामन्यापर्यंत खेळली, आणि पुढच्या मोसमासाठी तिला दुसऱ्या देशातून बोलावणं आलं. विमानतळाची बस हॅमिल्टनहूनच सुटत होती. काका इस्त्रीचा सदरा घालून आले. मी सहज विचारलं, "काका, तुम्ही सोडलेल्या गाड्यांतून तुम्ही स्वतः किती फिरलात?" ते हसले. "कंट्रोलर कधी गाडीत बसतो होय? सगळे गेले की स्टँड कुणी सांभाळायचा?"

मुलीने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. हे तिला नातीने शिकवलं असणार. ती आत जाऊन खिडकीशी बसली. दार बंद झालं. काका पुढे झाले आणि बसच्या पत्र्यावर तळहाताने दोनदा थाप मारली. थप्, थप्. ड्रायव्हर दचकला, पण निघाला. बस हलली आणि खिडकीच्या आतून, काचेवर, मुलीने बोटाने टकटक केली. एकदाच. एक घंटी.

ड्रायव्हरला ती ऐकू आली नाही, आणि ऐकू आली असती तरी त्याला तिचा अर्थ माहीत नव्हता. बस वळणावरून दिसेनाशी झाली. दोन आठवड्यांनंतरचं काकांचंही परतीचं तिकीट काढलेलं होतं. आम्ही दोघं रिकाम्या फलाटावर उभे होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, किती वाजता सुटली?"

त्यांनी मनगटाकडे पाहिलंच नाही.

"बघायचं राहिलं," ते म्हणाले.