ब्रेकबाईंचा पहिला हंगाम

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो आणि गेली बावीस वर्षं बाईंचा पाय त्यावरून हलला नव्हता. पुढे मांजर दिसलं, दाबला. मांजर येईल असं वाटलं, तरी दाबला. बावीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

ओरखडा नव्हता हे खरंच. पण बाईंकडे शिकलेली माणसं परीक्षेत एकामागून एक आपटायला लागली होती. स्टिअरिंगवर हात झकास, आरशात बघणं झकास, आणि चौक आला की गाडी आपोआप थांबेल या भरवशावर स्वारी तशीच पुढे! शेवटी मालकांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, वीस तारखेला त्या नर्सताईंची परीक्षा आहे. दोनदा नापास झाल्यात. या खेपेलाही झाल्या, तर तुम्ही आता ऑफिसात बसा. फोन घ्या, फॉर्म भरून घ्या. सावलीतलं काम आहे."

सावलीतलं काम! बाई घरी आल्या त्या धुमसतच. राग मालकांवर होता, पण त्याच्या तळाशी भीती होती. गाडीतून उतरवलं तर आपण करायचं काय, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

घरी नवरोबा टीव्हीसमोर शर्यतीत दंग होते. हे गृहस्थ कवळ्या बनवायचे. लग्नानंतर बाईंनी त्यांना गाडी शिकवायला घेतली होती. सोळा दिवसांनी "मला आपली बसच बरी" म्हणून त्यांनी कानाला खडा लावला. मात्र लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि तिच्या व्हिडिओ गेमचं स्टिअरिंग आणि पेडल घरी राहिली, तेव्हापासून त्यांना पंख फुटले होते. त्या खेळात करिअर नावाचा प्रकार होता. सगळ्यात फडतूस संघाच्या खटाऱ्यापासून सुरुवात करायची, हंगामामागून हंगाम शर्यती मारायच्या. नंबर चांगला आला की वरचा संघ करार देतो, नाही आला की नारळ. नवरोबा चौथ्या हंगामात होते आणि जेवताना "यंदा इंजिन बदलायचं म्हणतोय" असं गंभीरपणे सांगत. प्रत्यक्षात त्यांना सायकलही धड येत नव्हती.

"अहो, उठा. मला बसू द्या," बाई म्हणाल्या.

"तू? अगं, हे सोपं नाही."

"बावीस वर्षं गाडी शिकवतेय मी. तुमचा तो गोल रस्ता मला जड आहे होय?"

नवरोबांनी बायकोसाठी नवं करिअर उघडून दिलं. पहिल्या हंगामात सहा शर्यती. एकदा तरी पहिल्या दहांत यायचं, नाहीतर करार संपला. नवख्यांसाठी असतात त्या सगळ्या मदती सुरूच होत्या. त्या आठवड्यात बाईंनी रोज संध्याकाळी एक शर्यत केली. अठरावा नंबर. सतरावा. पुन्हा अठरावा. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली.

"ही गाडी मला काही करूच देत नाही! वळण अजून लांब असतं, तोवर हीच ब्रेक लावून मोकळी! अहो, मी दाबणारच होते ना! जरा धीर नको का धरायला? समोरच्या माणसावर काही विश्वास?"

नवरोबा टेबलापाशी कवळी घासत होते. त्यांनी कानस खाली ठेवली, चष्मा काढला आणि बायकोकडे पाहिलं.

"सोळा दिवस," ते म्हणाले. "सोळा दिवस मी हेच म्हणत होतो."

बाईंचे कान तापले. मग हळूच त्यांनी विचारलं, "ही मदत बंद कशी करायची?"

मदत बंद केल्यावर चौथ्या शर्यतीत बाई सात वेळा वाळूत गेल्या. पाचवीत चारदा. नवरोबांनी तोंडातून ब्र काढला नाही, आणि हे त्यांचं मोठेपण मानलंच पाहिजे. सहाव्या शर्यतीत बाई एकदाही वाळूत गेल्या नाहीत आणि अकराव्या आल्या. संघाने 'आपल्या सेवेबद्दल आभार' असं लिहून नारळ दिला. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. ब्रेक कधी दाबायचा, हे वाळूत गेल्याशिवाय पायाला कळत नाही, एवढं त्यांना समजलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी नर्सताईंना गोदामांमागच्या उतारावर नेलं. रस्ता रिकामा होता. खाली थांबायची पांढरी रेघ, पुढे मोकळं मैदान. बाईंनी आपली सीट मागे सरकवली, चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"बाई, तुमचा पाय?" नर्सताई घाबरल्या.

"वर घेतलाय."

"आणि ब्रेक?"

"तुमच्या पायाशी आहे की. चला."

गाडीने उतार धरला. बाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे गच्च आवळून धरले. तोंडात आलेलं "अहो!" त्यांनी गिळलं. पहिल्यांदा गाडी रेघ ओलांडून पार मैदानात गेली. दुसऱ्यांदा नाक रेघेच्या पुढे. तिसऱ्यांदा गाडी रेघेच्या वीतभर अलीकडे अलगद उभी राहिली.

"मी थांबवली," नर्सताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "बाई, मी थांबवली!"

वीस तारखेला त्या पास झाल्या. मालकांनी ऑफिसातल्या खुर्चीचा विषय पुन्हा काढला नाही.

त्या संध्याकाळी नवरोबा पाचव्या हंगामाचा करार वाचत बसले होते. बाईंनी टीव्ही बंद केला.

"उद्या सकाळी सात वाजता खाली या. गाडी आणतेय. सतरावा दिवस."

नवरोबांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "येईल का गं मला? चुकलो तर?"

"चुकाल की," बाई म्हणाल्या. "मी मांडी घालून बसेन."