सुई पावावर होती

माझी शेवटची पोस्टिंग दिल्लीला होती. मी, विलास जाधव, नायब सुभेदार होतो, इंजिनियर कंपनीत. पूल बांधणं आणि सुरुंग काढणं ही आमची मोठी कामं, पण दिल्लीत त्यातलं काही नसतं. तिथे आमच्या वाट्याला पावसाळ्यातली यमुना यायची. वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलं की फ्लड कॉलम, म्हणजे पुरात मदतीला जाणारी तुकडी, तयार ठेवायचा. गाड्या, दोर, लाइफ जॅकेट, बोटी. बोटींच्या मोटारी आणि वायरिंग माझ्याकडे होतं.

आता मी मयूर विहारमध्ये मुलाकडे राहतो. सोसायटीत कुणाला कळलं की मी फौजेत होतो, की पहिला प्रश्न सीमेचा येतो. सीमेवर मी बरीच वर्षं काढली, पण तिथे माझ्या हाताखालचा एकही माणूस गेला नाही. जो गेला तो इथे गेला. आमच्या बाल्कनीतून जो मेट्रोचा पूल दिसतो त्याच्या थोडं खालच्या अंगाला, नदीत.

त्याचं नाव हवालदार यासीन मुजावर. मिरजेकडचा. आम्ही दोघं कोल्हापूरला एकाच दिवशी भरती झालो. पुढे मला प्रमोशन मिळालं, त्याचं अडलं, कारण तो वरिष्ठांशी वाद घालायचा. चारचौघांत तो मला साहेब म्हणायचा आणि एकटे असलो की जाधवा. वादात हरला की मात्र त्याच्याइतका दिलदार माणूस नाही. डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "खरंच की." मग विषय संपला.

त्या वर्षी आमच्याकडे रबरी बोटींच्या जोडीला एक फायबरची छोटी मोटारबोट होती. समोर तीन मीटर: तेलाचं (पेट्रोलला आम्ही तेलच म्हणतो), इंजिनच्या तापमानाचं आणि बॅटरीचं. तिन्ही बिघडलेली. तापमानाची सुई मेलेली, बॅटरीची थरथरायची, आणि तेलाची नेहमी कमी दाखवायची. टाकी पूर्ण भरली तरी सुई पाऊण. टाकी तळातल्या फळीखाली बंद होती, त्यामुळे उचलून वजन बघणं किंवा काठी घालून मोजणं जमत नसे. सुईशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

यासीन दोन पावसाळे हीच बोट चालवत होता. त्यानं तोड काढली होती. तेलाच्या मीटरच्या काचेवर, पाव टाकीच्या खुणेवर, त्यानं लाल रंगाची रेघ ओढली होती. सुई रेघेवर आली म्हणजे टाकी अर्धी. अर्ध्या टाकीत काठापासून काठापर्यंत एक फेरी आरामात होते. त्याचा हिशेब एकदाही चुकला नव्हता. नव्या पोरांना तो सांगायचा, "बोट थापा मारते, पण रोज एकच थाप मारते. मग काय अडचण आहे?"

मला अडचण होती. मी शिस्तीचा माणूस. खोटी सुई मला बघवत नाही. त्यात कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी हुकूम काढला की पाणी चढायच्या आत सगळी उपकरणं दुरुस्त हवीत. मी एका दुपारी मल्टिमीटर घेऊन बोटीत बसलो. यासीन चहाचा मग घेऊन काठावर बसला, माझी मजा बघायला.

मीटर बिघडलं की लोक आधी मीटर बदलतात. ते चूक आहे. दहातली आठ मीटर धडधाकट असतात, बिघाड मागे कुठेतरी असतो. मी आधी बॅटरी तपासली. ठीक होती. पॅनलमागचा अर्थचा, म्हणजे अर्थिंगच्या वायरचा, नट सैल होता, तो घासून घट्ट केला तर बॅटरीची सुई थरथरायची थांबली. तापमानाची वायर इंजिनपाशी तुटली होती, ती जोडली. मग तेलाचं मीटर. टाकीकडून येणारी वायर मीटरवरून काढली, सुई रिकाम्यावर गेली. मीटरवरची तीच जागा अर्थला जोडली, सुई भरलेल्यावर गेली. म्हणजे मीटर चांगलं. मग टाकीपासून बॅटरीपर्यंत एक वेगळी काळी वायर नुसती धरली. सुई उडी मारून पावावरून अर्ध्यावर गेली.

"बघ," मी म्हणालो. "टाकीची अर्थ गेलीय."

तो बोटीत उतरला. मी वायर काढली, सुई खाली. लावली, सुई वर. दोनदा करून दाखवलं. त्यानं डोकं खाजवलं.

"खरंच की," तो म्हणाला.

जोड मागच्या बाजूला होता, टेपमध्ये गुंडाळलेला. टेप सोडली तर आत तांब्याचा हिरवा चुरा. नवी वायर टाकली, सोल्डर केलं, वर ग्रीस लावलं. मग थिनरचं फडकं घेऊन काचेवरची लाल रेघ पुसायला लागलो.

"ती राहू दे ना," यासीन म्हणाला.

"आता ती खोटी आहे. आता पाव म्हणजे पाव आणि अर्धी म्हणजे अर्धी. कळलं?"

"कळलं, साहेब."

"परत सांग."

"पाव म्हणजे पाव. मी काय रिक्रूट आहे का, जाधवा?" तो हसला. "जुनी बायको होती, तिचं सगळं मला ठाऊक होतं. तू एका दुपारीत नवी करून दिलीस."

टाकी भरली तेव्हा सुई पहिल्यांदाच पूर्णावर गेली. त्यानं फोनवर फोटो काढला. संध्याकाळी घरी पाठवला म्हणे.

चौथ्या दिवशी यमुनेनं धोक्याची पातळी ओलांडली. पहाटे हुकूम आला आणि उजाडताना आम्ही मयूर विहारच्या बाजूच्या बांधावर होतो. बांधाच्या आत नदीपर्यंत खादर आहे, म्हणजे पुराची सपाट जमीन. तिथे लोक भाजीपाला पिकवतात आणि तिथेच कच्च्या घरांत राहतात. त्या सकाळी तिथे भाजी नव्हती आणि शेतही नव्हतं. गढूळ पाणी होतं, मधूनमधून छपरं आणि विजेच्या मोठ्या टॉवरचे पाय.

रबरी बोटी वरच्या अंगाला लावल्या. मोटारबोट खालच्या अंगाला, जिथे धार जोरात होती. यासीननं सकाळभर फेऱ्या मारल्या. माणसं, शेळ्या, एकदा तर शिवणयंत्र आणलं, कारण त्याची मालकीण ते सोडून बोटीत चढेना. प्रत्येक फेरीनंतर आम्ही जेरिकॅननं टाकी भरायचो, त्यामुळे सुई खाली यायचा प्रश्नच नव्हता. दहाच्या सुमारास जेरिकॅन संपले आणि पुढच्या दोन फेऱ्या टाकी न भरताच झाल्या. तेलाची गाडी फ्लायओव्हरखाली अडकली होती. बांधावरून आलेले लोक, त्यांच्या खाटा, म्हशी, टीव्हीवाल्यांच्या गाड्या, सगळं एकाच रस्त्यावर. मी यासीनला थांबायला सांगितलं आणि गाडी सोडवायला गेलो. गाडी हलणं शक्य नव्हतं. मी दोन जेरिकॅन उचलले आणि चालत निघालो.

परत आलो तर बोट नव्हती. काठावरच्या रेडिओ सेटपाशी लान्स नायक सुखराम होता, राजस्थानचा.

"उस्ताद किधर है?" मी यासीनबद्दल विचारलं.

"निकल गए, साहब. एक छत बैठ रही है, चार लोग हैं. जगह कम न पड़े, इसलिए साथी को भी उतार दिया. मैंने तेल का पूछा था. बोले, सुई क्वार्टर पे है, एक फेरा आराम से हो जाएगा."

जेरिकॅन माझ्या हातातच होते. मला लगेच कळलं. त्याच्या डोळ्यांनी पाव बघितला आणि डोक्यानं अर्धी वाचली. दोन वर्षं तो हेच करत होता. काचेवरची रेघ मी पुसली होती, पण तो काचेवर बघून चालवतच नव्हता.

मी सेट हिसकावून घेतला.

"टायगर टू, टायगर वन. ओव्हर."

खरखर.

"टायगर टू, टायगर वन. यासीन, ऐकतोस का? ओव्हर."

"टायगर टू. पोचलो. तीन चढले, म्हातारी राहिलीय. ओव्हर."

"तेल पाव टाकी आहे. अर्धी नाही. मीटर दुरुस्त आहे, यासीन. पाव म्हणजे पाव. तिथेच बांधून थांब, मी रबरी बोट पाठवतो. ओव्हर."

मी बटण सोडलं. मागे इंजिनचा आवाज येत होता. तो डोकं खाजवत असणार, हे मला इथून दिसलं.

"खरंच की," तो म्हणाला.

मग म्हणाला, "इथे बांधायला काही नाही. भिंत ढासळत चाललीय. निघतो. आउट."

मी वरच्या अंगाची रबरी बोट बोलावली आणि बांधाच्या टोकाला धावलो. बोट दिसत होती. सरळ न येता तो तिरका येत होता, धार वापरत, तेल वाचवत. जेवढं करता येईल तेवढं त्यानं केलं. निम्म्या वाटेवर इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. बोट फिरली आणि आडवी वाहायला लागली.

त्यानं वल्हं काढलं. काठ गाठणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं बोट टॉवरकडे ढकलली. बोट टॉवरच्या पायाला आदळली आणि त्यानं दोन्ही हातांनी लोखंडी पट्टी धरली. त्याच्या हातांवर ती बोट अडून राहिली होती. छपरावरून आणलेल्या चौघांपैकी बाप आधी टॉवरवर चढला, मग त्याच्या दोन मुली. म्हातारीला पाय उचलता येईना, तेव्हा त्यानं तिला खांद्यानं वर रेटलं. जास्तीची जॅकेट तीनच होती. चौथं, म्हातारीच्या अंगावरचं, त्याचं स्वतःचं होतं. म्हातारीचा पाय पट्टीवर टेकला आणि त्याच धक्क्यानं त्याचे हात सुटले. बोट टॉवरपासून निघाली आणि पुढच्या भोवऱ्यात उलटली.

रबरी बोटीनं टॉवरवरची चारही माणसं उतरवली. यासीन दुसऱ्या दिवशी सापडला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. बोट बाहेर काढली होती. टाकीत एक थेंब तेल नव्हतं. मला विचारलं, मीटर बरोबर दाखवत होतं का?

"होय, सर."

चालकाला तशी कल्पना दिली होती?

"होय, सर. त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं होतं."

कुणाचा दोष नाही, असा निष्कर्ष निघाला. तो बरोबर आहे. मला स्वतःला दोष देता आला असता तर कदाचित सोपं गेलं असतं. मी त्याचा रागही करून बघितला. तू थांबला का नाहीस, मी तेल घेऊन येतच होतो, असं मनात शंभरदा भांडलो. पण छप्पर थांबणारं नव्हतं. आणि हळहळ भांडून जात नाही.

त्याआधी मी त्याला पोचवायला मिरजेला गेलो होतो. त्याची बायको, रुखसानाभाभी, दारातच होत्या. मला बघून त्यांनी पदर डोळ्याला लावला, मग मला आत बसवलं आणि पाणी दिलं. फोनमधला एक फोटो काढून माझ्यापुढे धरला. तेलाचं मीटर, सुई पूर्णावर.

"हे त्यांनी पाठवलं होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "म्हणाले, विलासनं बोट एकदम नवी करून दिलीय. आता काळजी करू नकोस."

मी पाणी प्यायलो. 

परवा आमच्या मजल्यावरची केतकी आली. पुण्याची मुलगी, नोएडात आयटीत आहे. तिच्या जुन्या स्कूटरचा पेट्रोलचा काटा बिघडलाय. "काका, नीट करून द्या ना. तसं मला माहितीये, अर्ध्यावर आला की संपत आलंय. मॅनेज होतं यार, पण इरिटेट होतं."

मी विचारलं, "किती दिवस असं चालवतेस?"

"झालं असेल वर्ष."

वायर साफ करायला दहा मिनिटं लागली. मग मी तिला सोडलं नाही. टाकी रिकामी केली आणि तिच्या हातात पेट्रोलची बाटली दिली. थोडं थोडं ओतायला लावलं आणि दर वेळी काटा बघून मोठ्यानं सांगायला लावलं. ती हसली, मग कंटाळली, मग म्हणाली, "काका, बिल्कुल कळलं मला."

"त्यालाही कळलं होतं," मी म्हणालो. तो कोण, ते तिला मग सांगावं लागलं. त्यानंतर ती न हसता टाकी भरेपर्यंत बसली.

यमुना चढली की मी बाल्कनीत उभा राहतो. तो टॉवर अजून आहे. पाणी त्याच्या पायाशी येतं आणि मला यासीनचा रेडिओवरचा आवाज ऐकू येतो. त्यात भीती नव्हती, माझ्यावर रागही नव्हता. पत्त्यात एखादा डाव हरल्यावर म्हणायचा, तसंच म्हणाला होता तो.

"खरंच की."