खालच्या मजल्यासाठी ट्रम्पेट

...आणि ती नोटीस वाचून दाखवणाऱ्याच्या तोंडावर मास्क कुणाचा? तर मावशीनेच शिवलेला! काल गोष्ट इथेच अडली, कारण ऐकणारे हसत सुटले. मावशीला मात्र त्या दिवशी हसू आलं नव्हतं.

मावशी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची शिवणवाली. सख्ख्या मावशीला विसरलेले लोकसुद्धा हिला मावशीच म्हणत. महामारी आली, बाजारातला तिचा गाळा बंद झाला, तेव्हा तिने शिलाई मशीन हातगाडीवर घालून घरी आणलं आणि खिडकीपाशी मांडलं. मांडल्याबरोबर काय शिवलं, तर अख्ख्या इमारतीला मास्क. फुकट. खालच्या मजल्यावरच्या नोटीसभाऊंचं डोकं जरा दांडगं, बाजारचा कुठलाच मास्क कानापर्यंत पोचेना. म्हणून त्यांचं माप वेगळं घेतलं आणि नाड्या लांब लावल्या.

नोटीसभाऊ हे काही बारशात ठेवलेलं नाव नव्हे. गृहस्थ कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांना सोडेना. सोसायटीचे चेअरमन झाले आणि जिन्याखालच्या फळ्यावर रोज एक नोटीस. पायपुसणं कधी झटकावं, चपला कुणी कुठे काढाव्यात, लिफ्टमध्ये कुणी कुठल्या भिंतीकडे तोंड करून उभं राहावं. लिफ्ट केव्हाची बंद पडलेली, ती गोष्ट वेगळी.

त्यातलीच ही नोटीस: राहत्या जागेत यंत्राचा आवाज करून शेजाऱ्यांची शांतता भंग करू नये, मुलांच्या ऑनलाइन शिक्षणाला ही बंदी लागू नाही. नुसती लावली असती तर एक वेळ चाललं असतं. पण फाटकापाशी मावशीसकट चार माणसं जमलेली पाहून भाऊंनी ती मोठ्याने वाचली आणि वर म्हणाले, "दिवसभर डोक्यावर कटकट कटकट! घर आहे की कारखाना?"

मावशी वर आली. त्या वेळी तिच्याकडे दवाखान्याचे गाऊन शिवायला होते. तिची लेक त्याच दवाखान्यात नर्स. घरी संसर्ग यायला नको म्हणून तिकडेच राहत होती आणि आपली पोर तिने आईकडे ठेवली होती. मावशीची चूल त्या गाऊनवरच पेटायची. मशीन बंद झालं, तसे कापून ठेवलेले गाऊन गठ्ठ्यासकट परत गेले. मावशीने मशीनवर चादर टाकली, जशी कुणाच्या तोंडावर टाकावी तशी.

आता काही माणसं चिडली की भांडी आपटतात. मावशी चिडली की सुईत दोरा ओवत बसायची. ओवायचा, काढायचा, पुन्हा ओवायचा. तिने डूख धरला होता. ओवता ओवता तिला नोटिशीतलं शेवटचं वाक्य आठवलं आणि दोरा पहिल्या फटक्यात आरपार गेला.

"काय गं," तिने नातीला विचारलं, "तुला काही वाजवायला शिकायचंय का?"

"बासरी?" नात म्हणाली. आठ वर्षांची पोर, घरात कोंडून कंटाळलेली.

"बासरी नको. फार गोड असते."

मावशीने बँडवाल्या मास्तरांना फोन लावला. लग्नं बंद, वरात बंद, म्हणून मास्तर हल्ली फोनवर मुलांना वाद्यं शिकवत. "मास्तर, सगळ्यात लांब आवाज कशाचा जातो?"

"ट्रम्पेटचा. गल्लीच्या टोकाला फुंकला की रुसलेला नवरदेव घोड्यावर चढतो!"

"लांब राहू द्या. खाली किती जातो?"

"खाली म्हणजे?"

"एक मजला."

"एकच? बाई, तो इमारतीच्या पायापर्यंत जाईल!"

मास्तरांचा जुना ट्रम्पेट घरी आला. मावशीने त्याला राखेने घासून लख्ख केलं. मग घरभर फिरून, खाली नोटीसभाऊंचा पलंग कुठे येतो याचा अंदाज घेतला आणि बरोबर त्या जागी नातीला उभं केलं. सतरंजीही गुंडाळून ठेवली. का, तर पोरीच्या तळपायांना म्हणे उकडतं.

पहिला सूर निघाला तो असा, की म्हशीला उचकी लागावी. दुसरा त्याहून वाईट. इतकं गोड गाणं जन्मात ऐकलं नाही, असं मावशीला वाटलं. नोटीसभाऊ धापा टाकत वर आले.

"हे काय चाललंय?"

"ऑनलाइन शिक्षण," मावशी म्हणाली आणि दार हळूच लोटून घेतलं.

भाऊंनी पुन्हा दार ठोठावायला हात उचलला आणि खाली घेतला. स्वतःच्या हातचं वाक्य स्वतःच खोडायचं म्हणजे चेअरमनकीचं नाकच कापलं जाणार. ते तसेच खाली उतरले. त्या दिवसापासून मावशीला झोप चांगली लागू लागली. सकाळी भाऊंच्या खिडकीचे पडदे खाडकन ओढल्याचा आवाज आला की ती नातीला म्हणायची, "हं, घे वाजवायला. खालचे गुरुजी जागे झाले."

पण एक भानगड होती. ट्रम्पेटचा आवाज भाऊंपर्यंत पोचत होता, मास्तरांपर्यंत पोचत नव्हता! पोर गाल फुगवून फुंकायची, आणि फोनमधून मास्तर म्हणायचे, "चल, वाजव की! बसलीस काय?" पोरीचं बोलणं त्यांना नीट ऐकू जायचं, वाजवणं नाही. "जोरात! अजून जोरात!" मावशी मान डोलवायची. "ऐक गं मास्तरांचं."

एकदा लेकीचा फोन आला तेव्हा हे तिच्या कानावर गेलं. ती हसली. "आई, तो फोन शहाणा असतो. माणसाचं बोलणं तेवढं ठेवतो आणि बाकी सगळं गोंगाट समजून कापून टाकतो. वर कोपऱ्यात दाबलंस की एक यादी उघडेल, तिच्यात बटण आहे. ते बंद कर."

"करते उद्या," मावशी म्हणाली. बटण तिने त्याच दिवशी शोधून ठेवलं. दाबलं नाही. मास्तरांना ऐकू येऊ लागलं तर ते 'हळू' म्हणतील, आणि हळू वाजलेलं काय कामाचं?

दिवस गेले. म्हशीची उचकी थांबली, सूर सूर वाटू लागले. मावशीच्या ते ध्यानात आलं नाही, कारण तिचा कान होता खालच्या पडद्यांकडे. आणि एका दुपारी पोर ट्रम्पेट मांडीवर घेऊन गप्प बसली.

"वाजव की," मावशी म्हणाली.

"नको."

"का गं?"

"मास्तर म्हणतात मी खोटारडी आहे. मी म्हणते रोज वाजवते, ते म्हणतात अजिबात नाही." पोरीने तिचा पदर ओढला. "आजी, मी वाजवते ना गं?"

बटण दाबायला उशीर कुणी केला हे मावशीला ठाऊक होतं. पण तिने तेही पाप नोटीसभाऊंच्याच माथी मारलं. ती नोटीस नसती तर हे घडलं असतं का? इतक्यात फोन वाजला. तासाची वेळ झाली होती.

"बाई, स्पष्ट बोलतो," मास्तर म्हणाले. "पोरीचं लक्ष नाही. कधी एक सूर ऐकला असेल तर शपथ. उद्यापासून तिची जागा दुसऱ्या मुलाला देतो. ट्रम्पेट परत पाठवा."

त्याच वेळी दारात नोटीसभाऊ. कायमचं भांडून घ्यायला आले होते. केस विस्कटलेले, शर्टाची बटणं वरखाली. फोनच्या स्पीकरमधून मास्तरांचा आवाज साऱ्या जिन्यात घुमत होता, तो त्यांनीही ऐकला. आणि त्यांचा चेहरा असा काही झाला, की भर बाजारात पाय तुडवून वर कुणी 'पाय कुठाय?' म्हणून विचारावं.

"वाजवत नाही?" भाऊ ओरडले. उंबऱ्याबाहेरूनच, फोनकडे बोट नाचवत. "अहो मास्तर, की कोण तुम्ही! सकाळी वाजवते, दुपारी वाजवते, मी डोळा मिटला रे मिटला की वाजवते! तिसरा सूर रोज घसरायचा, मला पलंगावर कळायचं की आता घसरणार. आणि घसरायचाच! मंगळवारपासून नाही घसरत. वर चढते आणि तिथेच थांबते. हे सगळं मी भोगलंय, आणि तुम्ही म्हणता एक सूर नाही?"

जिन्यातली दारं एकेक उघडू लागली. पोर भाऊंकडे डोळे मोठे करून बघत होती. एवढ्या दिवसांत तिचं वाजवणं ऐकलेला पहिला माणूस तिला भेटला होता.

मावशी पुढे झाली, फोन उचलला आणि कोपऱ्यातली यादी उघडून ते बटण दाबलं. "वाजव," ती म्हणाली.

पोरीने वाजवलं. तिसऱ्या सुरापाशी भाऊंनी सवयीने डोळे घट्ट मिटले. सूर चढला आणि तिथेच थांबला. फोनमधून मास्तर म्हणाले, "परत." पोरीने परत वाजवलं. "अगं," मास्तर म्हणाले, "एवढे दिवस कुठे होतीस? उद्या वेळेवर बस. ट्रम्पेट राहू दे तुझ्याकडेच." फोन बंद झाला.

पोरीने आजीच्या कमरेला मिठी मारली. भाऊ मात्र दारातून हलले नव्हते. त्यांनी हात जोडले. सगळी इमारत बघत असतानाच जोडले.

"बाई, हरलो. नोटीस आत्ता काढतो. मशीन चालवा, दिवसभर चालवा, सगळ्यांसमोर सांगतो. पण एवढं एक करा. हे बंद करा."

जे ऐकायला मावशी इतके दिवस दोरा ओवत बसली होती, तेच तिच्या उंबऱ्यावर उभं होतं, हात जोडून. खिडकीपाशी चादरीखाली मशीन. 'होय' तिच्या जिभेवर आलंही होतं. तिने खाली पाहिलं. पोरीने ट्रम्पेट पाठीमागे लपवला होता आणि भाऊंकडे नाही, आजीकडे बघत होती.

मावशीने डोळे पुसले, पदर खोचला आणि खुंटीवरची माप घ्यायची पट्टी गळ्यात अडकवली.

"मशीन चालवा म्हणालात ते साऱ्या जिन्याने ऐकलंय, भाऊ, तेव्हा ते उद्या सकाळपासून चालेल. पोरीच्या शिक्षणाला बंदी नाही हे तुम्हीच लिहिलंय, तेही चालेल. आणि सगळ्यात आधी मी तुमच्यासाठी कानटोपी शिवणार आहे, आत दुहेरी कापूस घालून, शिलाई एक पैसा घेणार नाही. माप द्यायला वर येऊ नका हं. तुमचं डोकं केवढं आहे ते मला मास्क शिवला तेव्हाच कळलंय."