तराजूची जीभ

कारखान्याच्या खानावळीत त्याला सगळे तराजू म्हणत. चारशे माणसांच्या रश्शात तो मुठीने मीठ घाली आणि मूठ कधी चुकत नसे. पातेलं उतरवायच्या आधी पळीतला एक थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा, मान हलवायची, मगच पातेलं बाहेर जायचं. दुसऱ्या कुणी चव घ्यायची नाही, हा नियम त्यानेच घातलेला. दहा जिभा लागल्या की रश्शाचं वाटोळं होतं, असं तो म्हणे. बावीस वर्षं नियम पाळला गेला आणि बावीस वर्षं ताटं चाटूनपुसून परत आली. माणूस तिरसट, पण हाताला चव असली की लोक तिरसटपणाही पोटात घालतात.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो म्हणतात. याचा आला मांजराच्या पावलांनी. आधी थकवा. तांदळाचं पोतं सरकवताना गुडघे लटपटायला लागले. मग अंगावरचं मांस उतरलं, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा लोंबू लागला. बसलेला उठला की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून तो भिंतीला धरूनच उठे. रंगही काळवंडला. कारखान्याच्या दवाखान्यातला डॉक्टर हसून म्हणाला, “चुलीपुढे उभा राहणारा काळा नाही होणार तर काय गोरा होणार?” त्याने ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्याला आत बोलावलं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. चुलीची धग माणसाच्या हिरड्यांपर्यंत पोचत नाही, तरी याच्या हिरड्याही काळ्या पडल्या होत्या. पण तोंड उघड म्हणायला कुणाला वेळ होता?

आणि मग मीठ. त्याला स्वतःचा रस्सा अळणी लागायला लागला. तो आणखी अर्धी मूठ टाकी, चाटे, मान हलवी. पहिल्या दिवशी पन्नासेक ताटं अर्धवट परत आली. आठवड्याने निम्मी. हाताखालचा आचारी बारा वर्षं त्याच्या शेजारी उभा होता. शेवटी त्याने नियम मोडून एक थेंब चाखला आणि हळूच म्हणाला, “उस्ताद, रागावू नका, पण आज मीठ जरा जास्त झालंय.”

“मला शिकवतोस?” तराजू म्हणाला. “माझ्या हाताखाली यायच्या आधी तुला पळी धरता येत नव्हती.”

आचारी पातेलं उतरवायला वळला. खरी गोम इथेच होती. चारशे माणसांची चव एका जिभेवर टांगलेली, आणि त्या जिभेला विचारणारं कुणी नाही, अशी सोय तराजूने स्वतःच करून ठेवली होती. त्याला वाटलं, हे सगळे मिळून आपल्या जागेवर टपलेत. तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरने त्याला भाज्या चिरायच्या टेबलावर बसवलं आणि पळी हाताखालच्याच्या हातात दिली. “वय झालं की व्हायचंच,” मॅनेजर म्हणाला. वय होतं बावन्न.

घरी तो मीठ नुसतंच खाऊ लागला. चिमूट तोंडात टाकली की अंगात थोडा जीव आल्यासारखं वाटे. एकदा बायकोने त्याला बरणीत बोट घालताना पकडलं. तिचे वडील रक्तदाबाने गेले होते. जन्मभर खारट खाल्लं, एका सकाळी तोंड वाकडं झालं आणि चौथ्या दिवशी संपले. तिने बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि सगळं अळणी शिजवायला लागली. एवढ्यावर थांबली नाही. खानावळीत जाऊन हाताखालच्या आचाऱ्याला सांगून आली, “भाऊ, यांना मिठाजवळ फिरकू देऊ नका. माझ्या गळ्याची शपथ आहे.”

“अगं, थोडं दे,” तो म्हणायचा. “मला आतून मागतंय.”

“दारुड्यालाही आतूनच मागतं,” ती म्हणायची. “मला विधवा करायचंय का तुम्हाला?”

जागा गेली होती, खानावळीत जिभेची पत गेली होती. आता घरातही ती खोटी ठरली. त्यालाच वाटायला लागलं, असेल, आपलंच काहीतरी बिघडलंय. चिमूटभर मिठासाठी त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही.

बरणीला कुलूप लागल्याच्या सहाव्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. दुपारी तो मोरीत कोसळला. शेजाऱ्यांनी उचलून मोठ्या इस्पितळात नेलं, तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचा तळहात उलगडला. रेषा शाईने गिरवल्यासारख्या काळ्या होत्या. मग हिरड्या पाहिल्या. सलाईन लावता लावता त्यांनी बायकोला विचारलं, “यांना मीठ खावंसं वाटायचं का?”

“वाटायचं तर,” बायको म्हणाली. “पण मी सहा दिवस कणभर दिलं नाही.” तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावलं. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते, अधिवृक्क. तिच्यातून निघणारी संप्रेरकं रक्तात मिसळतात. एक शरीरातलं मीठ धरून ठेवतं, दुसरं आजारपणात नि ताणात माणसाला उभं ठेवतं. यांच्या ग्रंथी वाळून गेल्यात. खाल्लेलं मीठ लघवीवाटे निघून जात होतं, रक्तदाब वाढला नव्हता, तळाला गेला होता. “ते मीठ मागत होते ना,” त्या म्हणाल्या, “त्यावरच इतके दिवस तगले.”

बायको भिंतीला टेकून खाली बसली. घरच्या ग्रंथीच खाल्ल्या मिठाला जागल्या नाहीत. पण एक जीभ इमानाने खरं सांगत राहिली आणि तिलाच सगळ्यांनी मिळून खोटं पाडलं, हे तिला तेव्हा कळलं. तो शुद्धीवर आल्यावर ती रडत म्हणाली, “मी तुमच्या भल्यासाठीच केलं हो.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “सगळ्यांनी भल्यासाठीच केलं.” आणि तोंड फिरवून पडून राहिला. त्यानंतर या विषयावर दोघं कधी बोलली नाहीत.

गोळ्या जन्माच्या लागल्या. एक दिवसही चुकवायच्या नाहीत, ताप आला तर दुप्पट घ्यायच्या. महिन्याभरात अंगावर मांस चढलं, तोंडाची चव जागेवर आली. इस्पितळाचा कागद घेऊन तो मॅनेजरकडे गेला. त्याला एवढंच हवं होतं, पळी परत. मॅनेजरने कागद शेवटपर्यंत वाचला. “वाईट झालं,” तो म्हणाला. “पण आता लोकांना नव्या आचाऱ्याच्या हातची सवय झालीय. शिवाय तुमची तब्येत. तुम्ही आपले भाज्यांवरच बसा.”

दुपारी सगळ्यांबरोबर त्यालाही ताट मिळालं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तो कामगारांच्या बाकावर जेवायला बसला. मनात एकच होतं. एक खोट सापडू दे, मीठ कमी, मीठ जास्त, काहीही. म्हणजे उठून सांगता येईल. हाताखालचा आचारी पळी हातात घेऊनच समोर येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जुनी भीती होती.

“उस्ताद, कसं झालंय?”

तराजूने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. जीभ बरी झाली होती आणि तिला खोटं बोलता येत नव्हतं.

“बरोबर झालंय,” तो म्हणाला.