देवाला वाहिलेली सायकल

माझ्या मुलीची सायकल कार्बनची आहे, एका हाताने उचलता येते आणि तिला स्टँड नाही. एवढे पैसे घेऊन साधा स्टँड देत नाहीत म्हटल्यावर मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो, मुलीनेच थांबवलं. हिंजवडीच्या कंपनीतला पहिला बोनस तिने त्या सायकलीत घातला. तीन वर्षं ती दर रविवारी घाट चढून आली आणि मग कंपनीने तिला जर्मनीला पाठवलं. जाताना तिने येरवड्याच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत सायकल खुंटीला टांगली आणि म्हणाली, "बाबा, हात लावायचा नाही. आल्यावर मला लागणार आहे."

मी हो म्हणालो. सरकारी खात्यात जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडून 'हो' लगेच निघतं, पुढचं पुढे बघता येतं.

चार महिने मी शब्द पाळला. रोज फडक्याने सायकल पुसायचो. एका रविवारी सकाळी पुसता पुसता ती खाली काढली आणि काढलीच आहे तर म्हणून सोसायटीला एक चक्कर मारली. ती चक्कर वाढत वाढत दोन महिन्यांत बोपदेव घाटाच्या माथ्यापर्यंत गेली. अडचण एकच होती. मुलगी माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. (उंची आमच्या माहेरची, हे बायको मला दर लग्नकार्यात ऐकवते.) तिने सीटच्या दांड्यावर आपल्या मापाची खूण म्हणून लाल नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवली होती. मी सीट खाली केली की ती रेघ नळीच्या आत गडप व्हायची. परत आलो की सीट पुन्हा रेघेपर्यंत वर करायची, चाकं पुसायची, सायकल टांगायची. हे सगळं अकराच्या आत. कारण बाराला मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा, आईची विचारपूस झाली की लगेच "सायकल दाखव" म्हणायची, आणि मी साळसूद चेहऱ्याने फोन बाल्कनीकडे वळवायचो.

खरं सांगायचं तर मला सायकलची काडीची हौस नाही. मान आखडते, आणि ती गादी शिवलेली चड्डी घालून सोसायटीच्या गेटमधून जाताना वॉचमनची नजर सहन होत नाही. पण मुलगी दर रविवारी घरी येऊन त्या रस्त्यांबद्दल सांगत असायची. घाटापलीकडचे चढउतार, अंजिराच्या बागा, लांबून दिसणारा एका दगडी चर्चचा मनोरा. मी पेपरातून डोकं वर न काढता "हं" म्हणायचो. ती गेल्यावर घरात त्या रस्त्यांबद्दल बोलणारं कुणी उरलं नाही, आणि मला त्या 'हं'ची लाज वाटायला लागली. तिची फार आठवण यायची, म्हणून मी ते रस्ते बघायला जात होतो.

दसऱ्याला आमच्याकडे वाहनांची पूजा असते. स्कूटरबरोबर मी सायकललाही झेंडूचा हार घातला. पूजेपुरता हात लावायला मुलीने परवानगी दिली होती. पुढच्या रविवारी निघताना हार काढायचा राहिला. हवा छान होती, घाट चढून झाला तरी दम शिल्लक होता, म्हणून पहिल्यांदाच मी पलीकडे उतरलो. रस्ता एकदा वर जायचा, एकदा खाली. दोन्ही बाजूंना सीताफळं लगडलेली. एका गावात पारावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "शर्यत हाय का?" म्हटलं, नाही. "मग पळताय कशापायी?" मी हसून पेडल मारलं.

मनोरा सापडला. मिशनच्या काळातलं काळ्या दगडाचं, कौलारू चर्च. आत रविवारची उपासना चाललेली, आणि बाहेर ओसरीवर भोपळे, बाजरीची कणसं, उसाची मोळी, सीताफळांच्या पाट्या, टोपलीखाली एक कोंबडी. मला वाटलं, इथे उपासनेनंतर बाजार भरत असेल. सायकलला स्टँड नाही, म्हणून उसाच्या मोळीला टेकवली. दाराशी चपलांची रांग होती, त्यात बूट काढले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. आत गारवा होता. पेटी-ढोलकीवर भजन चाललं होतं. त्यानंतरचं मला काही आठवत नाही, कारण मी झोपलो.

जाग आली तेव्हा चर्च रिकामं होतं आणि बाहेर लाउडस्पीकर ओरडत होता, "एका बोटानं उचलतीय! पोरंटोरंबी चालवतील! बोला, सायकल!"

मी अनवाणी पळालो. लिंबाखाली सगळं गाव बसलेलं. टेबलावर एक धिप्पाड पंच माझ्या मुलीची सायकल हारासकट डोक्यावर धरून उभा होता. मी हात वर करून "अहो, अहो!" म्हणालो, तर त्याने खुशीत माझ्याकडे बोट दाखवलं, "पुण्याच्या पाव्हण्यांची बोली आली!" लगेच दूध डेअरीवाल्या एका गृहस्थाने हात वर केला. मी पुन्हा "अहो!" म्हणून हात हलवला. त्याने पुन्हा केला. मीच माझ्या मुलीच्या सायकलचा भाव वाढवत होतो.

शेवटी टेबलापाशी जाऊन मी ओरडलो, तेव्हा उलगडा झाला. तो सुगीचा सण होता. शेतातलं पहिलं पीक, घरातली चांगली वस्तू देवाला आणून वाहायची, उपासना झाली की तिचा लिलाव, आणि येईल ते चर्चच्या डागडुजीला. हार घातलेली सायकल उसाला टेकलेली बघून कुणीतरी मोठ्या मनाने वाहिली असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. चर्चच्या पाळकांनी उपासनेतल्या प्रार्थनेत त्या अज्ञात दात्याचे आभारही मानले होते म्हणे. मी तेव्हा घोरत होतो.

"तुमची आसंल तर जरूर न्या," पंच अदबीने म्हणाला. "पर तुमचीच कशावरनं?"

"माझी नाही, माझ्या मुलीची आहे."

"मग लेकीलाच इचारू की."

तेवढ्यात माझ्या सायकलच्या जर्सीच्या पाठीवरच्या खिशात फोन वाजला. बारा वाजले होते.

मी कॉल घेतला. मुलगी म्हणाली, "बाबा, तू कुठे आहेस? हे काय घातलंयस?" मी काही बोलायच्या आत पंचाने फोन काढून घेतला आणि सायकलसमोर धरला. "ताई, ही तुमची हाय का?"

 माइकजवळच धरलेल्या फोनमधून सगळ्या गावाला ऐकू गेलं, "माझी सीट कुणी खाली केली?"

"काय वळख हाय का सायकलीची?" पंचाने विचारलं.

"सीट वर करा. लाल रेघ दिसेल."

पंचाने स्क्रू सैल करून सीट वर ओढली. नळीतून लाल रेघ बाहेर आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकी सिद्ध झाली, आणि माझी चोरीसुद्धा. मी त्या चड्डीत उभा होतो आणि मान खाली घालायलाही जागा नव्हती.

मुलगी मात्र हसत सुटली होती. "बाबा, सिरियसली? तू घाट चढलास?" म्हणाली. पंच सायकल माझ्या हातात देत होता, तर तिने त्याला थांबवलं. देवाला वाहिलेली वस्तू फुकट कशी परत घ्यायची, माझी बोली लावा, म्हणाली. तिने जो आकडा सांगितला तो ऐकून डेअरीवाल्या गृहस्थांनी हात खाली घेतला. "जर्मनीवाल्या ताई एक वार! दोन वार! तीन वार!"

"घे बाबा," ती म्हणाली. "आता ही तुझी. सीट खाली करून टाक कायमची. मला आता कुठे लागणार आहे!"

ती सहज बोलून गेली. लोक हसत होते, तीही हसत होती. मी हसू शकलो नाही. सायकल तिची आहे तोवर ती घ्यायला ती येणार होती. एवढंच माझ्याजवळ होतं, हे मला त्या लिंबाखाली कळलं. मी म्हणालो, "बोली तू लावलीस, सायकल तुझी. मी फक्त सांभाळतोय."  ती म्हणाली, "बरं. घाटात ब्रेक जपून."

पंचाने आग्रहाने माझ्या पाठीवरच्या खिशांत सीताफळं भरली. पिकलेली होती. घाट उतरेपर्यंत त्यांचा रस कमरेपर्यंत पोचला. दारात बायकोने डोक्यापासून पायांपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "फळं पिशवीतून आणतात."

मी आंघोळीआधी बाल्कनीत गेलो. चाकं पुसली, वाळका हार काढला, आणि सीट वर ओढून लाल रेघेवर आणली.

"आता कशाला?" बायको मागून म्हणाली. "आता तर तिला सगळं माहीत आहे."

"हो," मी म्हणालो आणि स्क्रू घट्ट केला. आजही रविवारी परत आलो की करतो.